फुटात जवान

रविवारी सकाळी साडेदहाला माझा फोन वाजतो. बायको स्वयंपाकघरातूनच ओरडते, "तुमचा मद्रासी आला!" तो मद्रासी नाही, पालघाटचा मल्याळी आहे, हे मी तिला वीस वर्षं सांगतोय.

फोनवर रामराम नाही, कसा आहेस नाही. माश थेट म्हणतो, "मराठे, पाच अक्षरं. लिही." मग पंधरा मिनिटं शब्दकोडं आणि पुढचा पाऊण तास गुडघे, ईसीएचएसमध्ये न मिळालेली गोळी, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, त्याचे नारळ आणि माझा ऊस.

हे व्यसन मला लागलं 1996 च्या हिवाळ्यात, तवांगकडे. सेला खिंडीच्या पलीकडे आमची सिग्नलची छोटी तुकडी होती. साडेतेरा हजार फुटांच्या वरची ती खिंड बर्फाने बंद झाली की आम्ही जगापासून तुटलो. आता 2024 पासून तिथे बोगदा आहे. तेव्हा डाक आली तर आली. वर्तमानपत्रं गठ्ठ्यानेच यायची आणि त्यातल्या मॅचचा निकाल आम्ही केव्हाच आकाशवाणीवर ऐकलेला असायचा.

माशचे वडील निवृत्त शिक्षक. केरळात मास्तरांना 'माश' म्हणतात, म्हणून पोराला आम्ही तेच नाव ठेवलं. वडील रोज 'द हिंदू'मधलं इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडं कात्रीने कापायचे आणि आठवड्याची कात्रणं एका पाकिटात घालून 99 एपीओच्या पत्त्यावर पाठवायचे. उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येतात. ती मात्र ते मागे ठेवायचे आणि पुढच्या पाकिटात, घडी घालून, सुईदोऱ्याने टाचून धाडायचे. मास्तरच ते. पेपर आधी, गुणपत्रिका नंतर.

मी सातारा जिल्ह्यातला, मराठी माध्यमाचा. माझं इंग्रजी म्हणजे मेसेज फॉर्मवरचं इंग्रजी, आणि शब्दकोडं म्हणजे 'एक नदी', 'शंकराचे एक नाव'. माशने सांगितलं, इथे तसं नाही. इथे वाक्य तोंडावर एक बोलतं आणि मनात दुसरंच असतं. वाक्याच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, बाकी सगळी शब्द शिजवायची कृती. कुठलं टोक, ते तू ओळखायचं.

मी सोडवलेलं पहिलं सूत्र अजून तोंडपाठ आहे. मराठीत सांगायचं तर, 'फुटात जवान, किल्ला (4)'. आता जवान म्हणजे ओआर, अदर रँक्स. ब्रिटिश गेले, पण कोडं रचणारे अजून जवानाला ओआरच म्हणतात. फूट इंग्रजीत थोडक्यात लिहितात एफ-टी. एफ आणि टीच्या मधोमध ओआर घातला की झाला फोर्ट! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला हे सुटल्यावर काय वाटलं असेल, विचार करा. बुखारीशेजारी बसलेला आमचा रोहतकचा ड्रायव्हर, ज्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने समजावून घेतलं आणि विचारलं, "यानी हम दो अक्षर हैं?" त्या दिवसापासून तोही आमच्यात बसू लागला. सॅपर आला की आर-ई, तोपची आला की आर-ए, हे त्याने आमच्या आधी पाठ केलं. लंगरात कांदा महाग झालाय, त्याच्या म्हशीला रेडी झाली, माझ्या भावाने बांध कोरलाय, माशच्या बहिणीचं लग्न ठरत नाही, हे सगळं त्या चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत बोललं जायचं.

सिग्नलवाल्याला आवडणारं आणखी एक. लिसन या शब्दाची सहा इंग्रजी अक्षरं ढवळली की सायलेंट मिळतो. रेडिओ सायलेन्समध्ये आम्ही दुसरं काय करायचो? फक्त ऐकायचं.

माशकडे किस्सेही भरपूर. 1942 मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्कच्या गुप्तलेखन उकलण्याच्या कामासाठी बोलावणं आलं. दुसरा किस्सा 1944 चा. नॉर्मंडीच्या उतरणीआधी महिनाभरात त्याच पेपरच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून असे मोहिमेचे सांकेतिक शब्द एकामागून एक उत्तरं म्हणून छापले गेले. कोडी रचणारा लिओनार्ड डॉ हा शाळेचा हेडमास्तर. त्याची कसून चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. पुढे अनेक वर्षांनी त्याच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की मास्तर चौकटी भरायला पोरांकडून शब्द घ्यायचे आणि पोरांनी ते शब्द जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकलेले होते. आमच्या सुभेदारसाहेबांना हे कळल्यावर त्यांनी तो किस्सा सिक्युरिटीच्या क्लासमध्ये तीन वेळा सांगितला. तिन्ही वेळा आम्हाला पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड करावं लागलं.

एकदा मी लबाडी केली. नाइट ड्यूटीला दोरा हळूच सैल करून उत्तरं बघितली आणि सकाळी बघता बघता अकरा आडवा सांगितला. माश म्हणाला, "बरोबर. आता कसं ते सांग." मला सांगता येईना. तो काही बोलला नाही. पेन्सिल खाली ठेवून चहा प्यायला गेला. सीओसाहेबांच्या ऑर्डरली रूमपेक्षा ते जड गेलं.

मग मी मराठीत सूत्रं रचायला लागलो. 'साहेबांची गाडी देश चालवते (4)', म्हणजे सर अधिक कार, सरकार. माशला ते इतकं आवडलं की त्याने त्यासाठी देवनागरीतला काना, मात्रा, वेलांटी समजून घेतली. आणि दुसरं, 'राजाने एक काना गमावला, तेव्हा घरी जायला मिळालं (2)'. रजा.

फेब्रुवारीतली गोष्ट. ड्यूटीवर मी होतो. मेसेज आला, त्यात नंबर माशचा, नाव माशचं आणि पुढे दोन शब्द, वडील वारले. रीतसर नोंद केली, सुभेदारसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, "तू सांग. तुझा दोस्त आहे." मी आत गेलो. माश बुखारीजवळ गुडघ्यावर पाटी घेऊन बसलेला. "मराठे, ये. चौदा उभा अडलाय." मी बसलो. मला वाटलं, एवढं सुटू दे. पाच मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. त्याला सुटलं, खूश होऊन त्याने मला कृती समजावून सांगितली. मग मी सांगितलं.

सेला बंद होती. चार दिवस तो तिथेच होता, आणि तिकडे पालघाटला सगळं उरकलं. त्या चार दिवसांत एकदाच त्याने विचारलं, "तू आत आलास तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ बर्फाकडे बघत राहिला. मी केलं ते बरं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी बीआरओच्या पोरांनी रस्ता मोकळा केला. चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्या आल्या, त्यांतून डाक आली, आणि डाकेत वडिलांचं पाकीट. अक्षर तेच, तिरपं. परतणाऱ्या गाडीत चढताना माशने ते न उघडता माझ्या हातात दिलं. "ठेव. आल्यावर बसू." दोन महिने ते माझ्या ट्रंकेत होतं. ड्रायव्हर आठवड्यातून एकदा विचारायचा, "है ना?" मी दाखवायचो.

माश परतला तो दुसरं पाकीट घेऊन. वडिलांच्या टेबलावर तयार होतं, पत्ता घातलेलं, तिकीट लावायचं राहिलेलं. त्यात पहिल्या पाकिटातल्या कोड्यांची उत्तरं, घडी घालून टाचलेली. पहिलं आम्ही तिघांनी उघडलं आणि सात संध्याकाळी सात कोडी सोडवली. शेवटच्यात एक शब्द राहिला. आठ अक्षरी, दुसरं अक्षर ए. उत्तरांच्या पाकिटाला कोणी हात लावला नाही.

ड्रायव्हर आता रोहतकला असतो, त्याचा मुलगा सिग्नलमध्येच आहे. मागच्या रविवारी माश म्हणाला, कपाट आवरताना ते पाकीट सापडलं, दोरा पिवळा पडलाय.

"उघडलंस?"

"नाही. तूच सांग काहीतरी. दुसरं अक्षर ए."

मी दोन शब्द सांगून पाहिले. त्याने दोन्ही वेळा विचारलं, "कसं?" तेवढ्यात बायको म्हणाली, भाकरी निवतेय. मी म्हटलं, पुढच्या रविवारी.