एका सुताचा फरक

गेल्या वर्षी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक सुतार आहे. गरीब, अबोल, आणि कादंबरीतल्या सुताराने असावे तितका देखणा. तिसाव्या प्रकरणात त्याची बायको बाळंत होते आणि घरात पाळणा नसतो. तेव्हा हा गडी संध्याकाळी परसातला साग तोडतो, रात्रभर खपतो आणि एकही खिळा न वापरता पहाटेपर्यंत पाळणा उभा करतो. हे प्रकरण लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. दोन परीक्षकांच्याही डोळ्यांत आले, असे त्यांनी छापून सांगितले. तीनशे पानांत मला मनापासून आवडलेले असे तेवढेच एक प्रकरण होते.

आणि नेमके त्यावरच सावंतवाडीकडच्या एका खेड्यातून पोस्टकार्ड आले. अक्षर ठसठशीत, ओळी सुतासारख्या सरळ.

"रा. रा. मास्तर यांस, स. न. वि. वि. आपली कादंबरी वाचनालयातून आणून वाचली. गोष्ट चांगली आहे. पण त्या पाळण्यात मूल निजवू नका. ओल्या लाकडाचा सांधा पुढे सुटतो. शिवाय साग तोडायला परवानगी लागते. मे महिन्यात मी हौशी माणसांना पंधरा दिवस सुतारकाम शिकवतो. यावे. जागा माझी, राहण्याची सोय आपली आपण करावी. कळावे."

मी ते कार्ड कुटुंबाला दाखवले. वाटले, ती म्हणेल, असल्या पत्रांकडे लक्ष देऊ नका. ती म्हणाली, "जा की! वीस वर्षे कार्यानुभव शिकवता आहात, एकदा अनुभव तरी घ्या."

हा टोला वर्मी लागला. मी शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच; पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, पुढे १९६६ च्या अहवालात कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, हे मला तोंडपाठ आहे. एवढेच काय, स्वीडनमध्ये नेस नावाच्या गावी ओट्टो सालोमन या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळामास्तरांसाठी लाकूडकामाचे वर्ग चालवले, देशोदेशींचे मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जाऊन हातात चाकू आणि रंधा धरीत, हेही मी शिक्षकदिनाच्या भाषणात दोनदा सांगितले आहे. टाळ्या पडल्या होत्या. परंतु माझ्या वर्गात वीस वर्षे कागदाची फुले होतात, आणि करवत मी कपाटात कुलपाखाली ठेवलेली असते. मुलांना लागेल म्हणून.

जाण्याचे दुसरेही एक कारण होते, ते मी तेव्हा कुणाला सांगितले नाही. एक मेला आमच्या शाळेचा निकाल लागला आणि आमचे चिरंजीव नववीत नापास झाले. मास्तरचा मुलगा, मास्तरच्याच शाळेत. गणितात एकोणीस. शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याशी एकदम फार गोड बोलू लागले. आठ दिवस गावात राहणे मला नको झाले. मुलाशी मी बोलत नव्हतो, पण त्याला घरी ठेवून जाण्याचीही सोय नव्हती. म्हणून त्यालाही बरोबर घेतले. शाळेच्या स्काउट पथकाची राहुटी मागून घेतली आणि बापलेक एका शब्दाने न बोलता आंबोलीचा घाट उतरलो.

मेस्त्रींची शाळा म्हणजे घरामागची एक मोठी पडवी. पुढे आंबा-फणसाची बाग. तिच्यात आमच्या राहुट्या. शिकायला आणखी दोघे होते. मुंबईचे एक निवृत्त बँक अधिकारी, आणि संगणकावर काम करणारी पुण्याची एक मुलगी. अधिकाऱ्यांना नातीसाठी घोडा करायचा होता. ती मुलगी म्हणाली, "दिवसभर मी जे काम करते ते संध्याकाळी बोटाने दाखवता येत नाही. मला दाखवता येईल असे काहीतरी करायचे आहे." राहुटीतले राहणे आरामाचे होते असे मी म्हणणार नाही. पहाटे कोकिळा झोपू देत नसे, दुपारी उकाडा बसू देत नसे, आणि पिकलेला फणस रात्री केव्हा डोक्यावर पडेल याचा नेम नसे. मात्र सकाळी विहिरीवर अंघोळ आणि मेस्त्रींच्या घरून आलेली गरम पेज, हे सुख वेगळेच.

पहिले दोन दिवस लाकडाला हात लावायला मिळाला नाही. नुसती धार. पटाशी दगडावर घासायची, तिचा उतार बोटभरही न बदलता. धार झाली की नाही हे ओळखायची मेस्त्रींची युक्ती मला फार आवडली. पटाशीची कड उन्हात डोळ्यांसमोर धरायची. कडेवर कुठे बारीक चकाकी दिसली, तर तिथे धार बोथट. खऱ्या धारेवर उजेड थांबतच नाही. माझ्या पटाशीवर दोन दिवस दिवाळी होती.

मग करवत. फळीवर गुण्याने रेघ मारायची आणि रेघेच्या कडेने कापायचे, रेघेवरून नाही. करवत स्वतः थोडे लाकूड खाते. तिला टाकाऊ बाजूचे खाऊ द्यायचे. मी जोर लावला की मेस्त्री म्हणत, "मास्तरानू, करवत दाबूची नाय. ती आपणच खाली जाता. तुम्ही फक्त ती खय जाता ता बघा." आणि कापून झाले की फळी उचलून म्हणत, "रेघ रवाक व्हयी." माझी रेघ कधी राहिली नाही. कधी तिच्या या अंगाला एक सूत, कधी त्या अंगाला दोन. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारापासून आलेला. नाटकातल्या सूत्रधाराचे आणि सुताराचे कूळ एकच, हे मी मेस्त्रींना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरा झाला. आता दुसरी फळी घ्या."

त्यांच्याकडून जे शिकलो त्यातले पुष्कळसे माझ्या पाळण्याच्या मुळावर येणारे होते. लाकूड तोडल्यावरही ते बरीच वर्षे जिवंत असल्यासारखेच वागते. सावलीत रचून इंचभर जाडीला एक वर्ष सुकवायचे, असा जुना ठोकताळा. सुकताना ते लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते; आणि रुंदीतही वर्षावलयांच्या कडेने जितके आटते त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्याकडच्या दिशेने आटते. म्हणून फळी वाकते. म्हणून जुन्या दाराच्या चौकटीत मधली फळी खाचेत नुसती बसवलेली असते, डिंकाने चिकटवलेली नसते. तिला पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आटायला जागा हवी. माझ्या नायकाने रात्रीतून ओल्या सागात खाचा पाडून कुसवे ठोकली, ती बाळाच्या बारशाच्या सुमारास खिळखिळी होऊ लागली असती. तिसावे प्रकरण मी मनातल्या मनात तिथेच मोडून ठेवले.

चिरंजीव पहिल्या दिवशी कोपऱ्यात मान घालून बसले होते. तिसऱ्या दिवशी मी पाहिले तो रंधा मारत होता. माझ्या रंध्याखाली लाकूड ओरबाडले जाई, कारण मी तंतूंच्या उलट दिशेने जात असे. तो आधी फळीच्या कडेवरून बोट फिरवी, फळी उलटी करी, आणि मग त्याच्या रंध्यातून कागदासारखी पातळ, हातभर लांब गुंडाळी निघे. ती तो उजेडात धरून पाही. घरी इतक्या एकाग्रतेने त्याला मी फक्त जेवताना पाहिले आहे.

चौकट करायची वेळ आली. चारी सांधे बसले, पण चौकट काटकोनात आहे की तिरकी, हे कसे समजावे? मेस्त्रींनी एक दोरी घेतली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर. गाठ एका सुताने पुढे गेली. त्यांनी चौकटीला एका कोपऱ्यावर हलकेच टोला दिला आणि पुन्हा मोजले. जुळले. मुलगा थोडा वेळ बघत राहिला. मग आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी आपण होऊन बोलला, "बाबा, आयताचे कर्ण समान असतात ते हेच का?"

मी म्हटले, "हेच."

"मग असे का नाही सांगितले कुणी?"

त्याच्या शाळेतला एक शिक्षक तिथेच उभा होता. त्याने उत्तर दिले नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी माझे स्टूल घेऊन बसलो होतो. फणसाच्या पिवळ्या लाकडाचे चार पायांचे स्टूल. ते डुगडुगत होते. लांब वाटला तो पाय मी थोडा कापला, तर दुसरा लांब झाला. तो कापला, तर तिसरा. स्टुलाचा पाट होण्याची वेळ आली तेव्हा मेस्त्री शेजारी येऊन बसले. हातात मुलाने केलेले स्टूल होते. ते त्यांनी फरशीवर ठेवले, बोटाने दाबून पाहिले. हलले नाही.

"तुमच्या झिलाचो हात हलको आसा," ते म्हणाले. "माझ्याकडे ठेवशात वर्सभर? जेवणा-खाणाचा मी बघतंय."

आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अहो, तो काय सुतार व्हायचा आहे?"

वाचकहो, त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मला आजही ऐकू येतो. विशेषतः तो "काय". तीनशे पाने मी सुताराच्या हाताची थोरवी गायली होती. त्या हातांना मी देवाचे हात म्हटले होते, एकोणतिसाव्या प्रकरणात. आणि ते हात समोर असताना हे बोललो. मेस्त्रींनी राग मानला नाही. मानला असता तर बरे झाले असते. स्टूल उचलून ते सावकाश म्हणाले, "नाय, तसा नाय. माझ्या झिलाक मीच सांगलंय, ह्या करू नको म्हणान. तो मुंबयक आसा. बरो पगार गावता." मग पडवीत गेले आणि पटाश्या पुसून एकेक जागेवर ठेवू लागले. मागे वळलो, तर मुलगा दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

त्या रात्री वळवाचा पाऊस आला. आधी वारा सुटला आणि राहुटीचा खांब एका बाजूला झुकला. स्काउटांच्या खुंट्या तांबड्या मातीत कुठवर धरणार! मी अंधारात खांबाला मिठी मारून उभा राहिलो. मुलगा बाहेर धावला. विजेच्या उजेडात तो दिसत होता, ओणवा, पडवीतून आणलेल्या तुकड्यांना वाकसाने पटापट तासून पाचरा करणारा, एकेक खुंटीशेजारी ठोकणारा. मी ओरडून सांगत होतो, "असे नको, तसे ठोक." पण वाऱ्यात ते त्याला ऐकू गेले नाही, हे नशीब. राहुटी उभी राहिली. तो आत आला, चिंब भिजलेला, आणि अंथरुणाच्या कोरड्या टोकावर बसला. माफी मागायची तर कशी सुरुवात करावी, हे सुचेना. लेखक म्हणवणाऱ्या माणसाला! शेवटी मी टॉवेल पुढे केला. त्याने डोके पुसले आणि म्हणाला, "तुमचे स्टूल बाहेर राहिले, बाबा. भिजले असेल."

सकाळी मी मेस्त्रींकडे गेलो आणि कालच्या बोलण्याबद्दल दोन शब्द बोललो. त्यांनी हाताने ते उडवून लावले आणि माझे भिजलेले स्टूल सावलीत ठेवायला सांगितले. उन्हात ठेवले तर तडकते. उरलेले दिवस नीट गेले. अधिकाऱ्यांचा घोडा झाला, त्याचे कान मात्र गाढवाचे झाले. पुण्याच्या मुलीने एक साधी पेटी केली आणि निघताना ती मांडीवर घेऊन एसटीत बसली.

जूनमध्ये मुलगा पुन्हा नववीत बसला. ठेवला नाही मी त्याला मेस्त्रींकडे. एवढे धैर्य अजून अंगी आलेले नाही. शनिवारी दुपारी तो आमच्या पेठेतल्या एका सुताराच्या दुकानात जातो आणि केसांत भुसा घेऊन घरी येतो. शाळेतल्या कपाटाचे कुलूप मी काढले आहे. आठवीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एकाने अंगठ्याला कापून घेतले, त्यावरून मुख्याध्यापकांना लेखी खुलासा दिला. करवती मात्र अजून वर्गातच आहेत. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर तिसावे प्रकरण बदलायचे, असे प्रकाशकांना कळवले. ते म्हणतात, वाचकांना तेच आवडते, हात लावू नका.

सहामाहीत मुलाला गणितात चौतीस गुण पडले. पासाला पस्तीस लागतात. दहावीनंतर आय.टी.आय.त सुतारकामाला जायचे, असे त्याने आईला सांगितले आहे. मला अजून सांगितलेले नाही, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक आहे. सौ. म्हणते, त्याने विचारायची वाट कशाला पाहता, तुम्हीच विषय काढा. काढीन, या सुट्टीतच काढीन.

हा लेख त्याच फणसाच्या स्टुलावर बसून लिहितो आहे. ते अजून डुगडुगते. पायाखाली मी कागदाची घडी सरकवली होती, ती त्याने काल काढून टाकली. म्हणाला, "पावसाने फुगले आहे. थंडीत लाकूड पुरते सुकू द्या, मग मी बघतो."