जुन्या लोकरीची कानटोपी

जैनथच्या थंडीचं कुणाला सांगितलं तर माणूस हसतो. तेलंगणात कसली आलीय थंडी, म्हणतो. हैदराबादचे पाहुणे डिसेंबरात एक पातळ शाल घेऊन येतात आणि पहिल्याच रात्री गोधडी मागतात. आदिलाबाद जिल्हा राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, पलीकडे पैनगंगा, नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. मोकळी काळी रानं, अडवायला काही नाही. राज्यातल्या सगळ्यांत कमी तापमानाची बातमी आली की गावाचं नाव बहुधा आमच्याच जिल्ह्यातलं असतं. पारा ५-६ अंशांवर येतो. दुपारी मात्र ऊन एवढं, की स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. त्यामुळे गरम कपड्यांवर पैसे घालायची इकडे फारशी रीत नाही. कापसाचा मुलूख हा. वेचणीला जाणाऱ्या बाया डोक्याला जुना दुपट्टा गुंडाळतात, म्हातारे रुमाल बांधतात, पोरांच्या डोक्यावर आठवडी बाजारातली माकडटोपी. कानाला वारं लागू नये, एवढाच हिशेब.

हा हिशेब आमच्या घरी पुरेनासा झाला तो सासूबाईंच्या आजारपणात. नागपूरला त्यांचे कॅन्सरचे उपचार चालू होते आणि दिवाळीपर्यंत डोक्यावर एकही केस उरला नव्हता. वय ७४. केस गेल्याचं दुःख त्यांनी केलं नाही. आपल्या आर्यिका दोन ते चार महिन्यांनी स्वतःच्या हातानं केशलोच करतात, "माह्ये तं न दुखता गेले," म्हणाल्या. दुःख नव्हतं, पण थंडी होती. पहाटे साडेचारला उठून माडीवरच्या खोलीत सामायिकाला बसायचा नेम त्यांनी आजारातही मोडला नाही. त्या खोलीची खिडकी उत्तरेला. उतरून खाली आल्या की कानशिलं दाबत बसायच्या आणि दुपारपर्यंत डोकं दुखायचं. अंगातली अर्धी ऊब डोक्यातून निघून जाते असं आपण ऐकत आलो आहोत, ते काही खरं नाही. अंगाच्या मानानं डोकं जेवढं, तेवढीच ऊब त्यातून जाते, म्हणजे साधारण दहावा भाग. पण केस नसलेल्या डोक्याला आणि कानांना गार वारं किती झोंबतं हे अशा माणसाच्या शेजारी बसल्यावरच कळतं.

पहिली टोपी आदिलाबादच्या बाजारातून आणली. गुलाबी, मऊ, वर गोंडा. दुकानदारानं 'प्युअर वुलन' सांगितलं. दोन दिवसांत आईंची तक्रार सुरू झाली, की घातली की घाम येतो आणि काढली की अंगावर काटा येतो. मी आतल्या बाजूनं एक धागा काढून काडीनं पेटवला. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ती धड पेटत नाही, विझते, आणि मागे राहिलेली राख चिमटीत चुरते. हा धागा भुर्रकन पेटला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक. बाजारात 'वुलन' म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं हेच असतं. वाईट म्हणून नव्हे, स्वस्त आणि धुवायला सोपं म्हणून लोक घेतात, आणि धडधाकट पोराला ते चालतंही. पण तो शेवटी प्लास्टिकचा धागा. घाम शोषत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. शिवाय तिचा धागा सरळ नसतो, मुळातच कुरळा. त्या वेटोळ्यांत हवा अडकून राहते आणि ऊब असते ती त्या हवेची. गोधडीचंही गुपित तेच, थरांमध्ये अडकलेली हवा. म्हणून दुसरी टोपी मी जुन्या लुगड्याचे चार पदर घालून गोधडीसारखी शिवली. बरी झाली, पण जाड झाली, आणि पहाटेच्या दवात अंगण ओलांडून आल्या की सुती कापड गार पडायचं.

मग मी लोकरीचं नाव काढलं. आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

आमच्या घरी पूजेला, स्वयंपाकाला लोकर चालत नाही. आईंच्या माहेरी तर स्वेटरसुद्धा बाहेरच्या खुंटीला. मी म्हटलं, आई, श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचाच असतो, ते कांबळीही पांघरतात, आणि तीही जीवदयेसाठीच. त्या म्हणाल्या, "असंल. त्यायचं त्यायच्यापाशी. आपल्या मुनींची पिच्छी कशाची? मोराच्या पिसांची. अन् पिसं मोर सोता टाकते." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आर्यिका आपले केस आपण उपटते. मेंढीले कोनं इचारलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही चटकन देता येईल असं नाही. लोकर काढताना मेंढी मरत नाही, हे आपण स्वतःला सांगतो आणि ते खरंच आहे. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. सगळ्यांत मऊ लोकर मेरिनो मेंढीची, आणि तिचा मोठा पुरवठा ऑस्ट्रेलियातून होतो. तिथे या मेंढ्यांच्या मागच्या भागावर माशा अंडी घालू नयेत म्हणून पिल्लांची तिथली कातडीच कापून टाकायची पद्धत आहे, तिला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडनं २०१८ मध्ये ती बंद केली. म्हणजे एकाच नावाच्या दोन टोप्यांमागे दोन वेगळ्या मेंढ्यांची कहाणी असू शकते, आणि लेबलवर ती असतेच असं नाही.

आपली दख्खनी मेंढी घ्या. इकडे कुरुमा लोक मेंढ्या पाळतात, नदीपलीकडे धनगर. लोकर कापली नाही तर उन्हाळ्यात त्या जनावराचे हाल होतात, म्हणून ती कापावीच लागते. घोंगडीला मागणी होती तोवर त्या लोकरीचे पैसे व्हायचे, आता मेंढपाळाला कातरणीचा खर्चच अंगावर येतो. तेव्हा ती घेतली तर त्याला हातभार लागेल, असं मी आईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "अन् मेंढी म्हातारी झाल्यावर?" ती कुठे जाते हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. शिवाय, हे आपलं माझ्या बाजूनं, दख्खनी लोकर घोंगडीला उत्तम आणि उघड्या डोक्याला काट्यासारखी. मेरिनोचा तंतू २४ मायक्रॉनच्या आत असतो. ३०च्या पुढे गेला की कातडीला टोचायला लागतो, आणि दख्खनी तर त्याच्याही पुढची.

पश्मिना मात्र आईंच्या मोराच्या जवळची. लडाखच्या बकऱ्यांना हिवाळ्यात केसांखाली मऊ लव येते, उन्हाळा लागला की ती आपोआप सुटू लागते, आणि तेव्हा ती विंचरून काढतात. हे ऐकून आईंनी मान हलवली. किंमत ऐकून पुन्हा हलवली, आडवी. बकरीचं शेवटी काय होतं हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

खरं सांगायचं तर या दिवसांत मला त्यांचा राग येत होता. माणूस आजारी, बाहेर दव पडलेलं, आणि आम्ही मेंढीच्या म्हातारपणावर चर्चा करतो आहोत. नवरा म्हणाला, औषध समजून घालायला सांग. पण औषधांच्या बाबतीतही त्यांनी आधीच बरीच पडती बाजू घेतली होती. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, एवढं एकच डॉक्टरांना विचारलं होतं आणि बाकी सगळं निमूट सोसलं होतं. आता या एका गोष्टीत त्यांना आपल्या मनासारखं हवं होतं. ते मोडून त्यांच्या डोक्यावर टोपी चढवायची माझी तयारी नव्हती.

तोडगा निघाला ट्रंकेतून. सासऱ्यांचा मरून रंगाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता. ते गेल्यानंतरही आईंनी तो टाकला नव्हता, वापरलाही नव्हता. एका बाहीला कसर लागून चार भोकं पडलेली. मी धागा जाळून बघितला. केसाचा वास, चुरणारी राख. अस्सल लोकर. आईंना विचारलं, हा उसवू का? नवी मेंढी नको, नवी खरेदी नको. बराच वेळ त्यांनी तो मांडीवर घेऊन कॉलर चाचपली. मग म्हणाल्या, "हे तं आपल्या घरचं जुनंच पाप हाय. झालेलं. उसव."

स्वेटर उसवणं ही आपल्या आया-आज्यांच्या हातची विद्या. आता कुणी करत नाही, म्हणून लिहून ठेवते. आधी शिवणी उलगडायच्या, पाठ-पोट-बाह्या सुट्या करायच्या, मग ज्या टोकाला विणकाम संपलं होतं तिथून ओढायचं. निघालेला धागा शेवयांसारखा वळलेला असतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्यानं हलकेच धुवायची. गरम पाणी नको, चोळायचं नाही, पिळायचं नाही, नाहीतर लोकर आटून नमदा होतो. सावलीत टांगायची आणि खाली थोडं वजन लावायचं, म्हणजे वळ्या जातात. सगळा जमेल तेवढा धागा निघाला, कसरीच्या बाहीचा तेवढा तुकड्यातुकड्यांचा.

माप घेताना दोरी भुवयांच्या वरून, कानांच्या वरच्या कडेला टेकून मागे डोक्याच्या फुगीर भागावरून फिरवायची. आईंचं ५४ सेंटिमीटर आलं. टोपी त्याहून थोडी लहानच विणायची, कारण लोकर ताणते. घट्ट झाली तर कपाळावर वळ उठतो, सैल झाली तर पहाटे झोपेत उशीवरच राहते. ८ नंबरच्या सुया, १०० टाके, दोन सुलट दोन उलट, म्हणजे वीण सोडल्यावर आपोआप आवळते. कानांवर दुमडून दुहेरी व्हावी एवढी खोल. उजेडासमोर धरल्यावर भोकं दिसली तर वारं आत येणारच, तेव्हा वीण दाट. शिवण मी बाहेरच्या बाजूला घेतली. दिसायला वेडीवाकडी, पण केस नसलेल्या डोक्याला आतली बारीकशी गाठसुद्धा खडा लागते. आतून सासऱ्यांच्याच धोतराच्या मऊ मलमलीचं अस्तर, टाचून, धुण्यासाठी काढता येईल असं. बाजारातून घेणार असाल तरी या चार गोष्टी बघून घ्या, कानांवरची दुहेरी घडी, दाट वीण, शिवण आणि अस्तर. गोंडा पोरांना शोभतो.

आईंनी टोपी घातली, कानांवर ओढली आणि आरशात न बघताच म्हणाल्या, "उलटी शिवली काय वं?" मग दिवसभर काढली नाही.

सामायिकाला मात्र नाहीच. माडीचा जिना चढण्याआधी टोपी काढून खालच्या खुंटीला लावायच्या आणि गोधडीसारखी शिवलेली ती चार पदरांची सुती टोपी घालायच्या. खोलीत दव नव्हतं, तेव्हा तिथे ती पुरायची. खिडकीला मी आतून जाड पडदा लावला. उतरल्या की आधी खुंटीकडे हात. त्या हिवाळ्यात कानशिलं दाबत बसणं बंद झालं.

उन्हाळ्यात ठेवणीचा प्रश्न आला. डांबरगोळ्या आमच्या ट्रंकेत कधीच नव्हत्या, कारण त्यांनी कसर मरते. लोकर खाते ती उडणारी पाकोळी नव्हे, तिची अळी, आणि ती येते घामाच्या, तेलाच्या डागांवर. म्हणून फाल्गुनात टोपी धुवायची, उन्हात पूर्ण वाळवायची, ब्रशनं झाडायची, दाट विणीच्या सुती पिशवीत घालून पिशवीचं तोंड शिवून टाकायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला. मारायची वेळच येऊ द्यायची नाही. आईंनी स्वतः बसून ती पिशवी शिवली, टाके माझ्यापेक्षा बारीक.

पुढच्या दिवाळीपर्यंत केस परत आले, पांढरे, लहान मुलासारखे मऊ. तरी डबा उघडायला लावलाच. उरलेली लोकर अजून माझ्याकडे आहे, साधारण दोन टोप्यांची. गल्लीतल्या एका बाईनं तिच्या आईसाठी मागितली आहे, उपचार तिचेही नागपूरलाच. आईंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दे. पन शिवन बाहेर घे म्हना."