बंदुकीच्या तोंडावरचं नरसाळं

मंडळी, 'जंगल कार्बाइन' पाहिलीये? ब्रिटिशांनी १९४४ ते १९४७ मध्ये बनवलेली .३०३ ची आखूड रायफल, आणि नळीच्या टोकाला चक्क नरसाळं! नळी आखूड असली की गोळीमागचा गरम वायू जोरात बाहेर येतो, हवेत मिसळून पेटतो आणि अंधारात मारणाऱ्याच्याच डोळ्यांपुढे लख्ख होतं. नरसाळं तो जाळ जरा आवरतं. आवाज मात्र तेवढाच.

रत्नागिरीच्या आमच्या काकांना नेमकं हेच हवंय. भातात रानडुकरं घुसतात, हाकलायला आजोबांच्या वेळची परवान्याची ठासणीची बंदूक. बार काढला की पुढे काहीच दिसत नाही. "इंजिनिअर ना रे तू? लेथवर एक करून दे की!"

अहो काका, ठासणीची बंदूक तोंडातूनच भरायची, नरसाळं मध्ये आलं की गज कसा घालणार? :) शिवाय टोकाला वजन आलं की नेम सरकतो. भोक केसभर तिरकं असलं तर मारा त्यालाच घासणार. झिजलेल्या नळीवर आटे पाडायचे तर जाडी कुठे उरलीये?

आणि कायदा! शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ प्रमाणे जाळ किंवा आवाज कमी करणारं उपकरणही 'बंदुकी'च्याच व्याख्येत बसतं. म्हणजे नुसतं नरसाळं टेबलावर पडलं असलं तरी ते शस्त्र. विनापरवाना बनवलं तर काका-पुतणे दोघेही आत!

त्यापेक्षा बार काढताना एक डोळा घट्ट मिटायचा, जाळ विझला की तोच उघडायचा. दिपलेल्या डोळ्याला अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुकरं अर्धं भात उलथून पार.