वीतभर फरक

एक वार म्हणजे ३६ इंच, हे मी शाळेत शिकलो नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला मीटर आला. सरकारने १९५६ साली कायदा करून वाराला निवृत्त केलं, पण लुगड्यातून त्याला हुसकून लावणं काही जमलं नाही. ‘सव्वाआठमीटरी’ म्हटलं तर कोण बाई ते नेसेल?

मागल्या दिवाळीला आईसाठी सुती नऊवारी आणायला इतवारीत गेलो. गुडघ्यांमुळे आई घरीच. दुकानदार तागा उलगडत म्हणाला, “किती मीटर फाडू, साहेब?” आता मी पडलो बी.कॉम.! वार म्हणजे ०.९१४४ मीटर, गुणिले ९, म्हणजे ८.२२९६. टिंबापुढची ती शेपटी गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोण सांभाळणार? म्हटलं, “आठ द्या. राउंड फिगर.”

घरी आईने घडी मोडली आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात टाकत मोजायला बसली. वाराचे दोन हात, लुगड्याचे अठरा.

“सतरा हात न् एक वीत. वीतभर कमी हाय, पोट्ट्या.”

मी तिला समजावलं की हात हे काही शास्त्रीय माप नव्हे. वाराची लांबी १९५९ साली सहा देशांनी मिळून ठरवली आहे. आईने मान वर केली नाही. ती पुन्हा मोजत होती. पुन्हा सतरा हात न् एक वीत.

मग मीही हट्टाने कागद घेतला. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. आठ मीटर, ३९.३७ ने गुणून, ३१५ इंच. फरक ९ इंच. हात १८ इंचांचा, वीत त्याच्या निम्मी. म्हणजे... कागद मी खिशात घातला.

पाच रुपयांचा फरक निघाला म्हणून रात्री साडेनऊपर्यंत कॅश मोजत बसलेला माणूस मी. बँकेचे पाच रुपये सुटत नाहीत, आणि आईची वीत मी भर बाजारात सोडून आलो होतो!

फाडलेलं कापड परत घेतं कोण? नरकचतुर्दशीला पहाटे आई मला ओवाळायला आली, ती तेच नेसून. निऱ्या मोजक्या, पदर जेमतेम खांद्यावर. शेजारच्या काकूंची नजर तिकडे गेलीच. मी पाटावर तेल माखून बसलेला, पळायचीही सोय नाही.

“मीच सांगतलं त्याले,” आई वात सारखी करत म्हणाली, “आता म्हातारपणी इतका घोळ कायले पायजे!”