फिरून आलेला रमजान

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. म्हणून रमजान सगळे ऋतू फिरून साधारण 33 वर्षांनी त्याच ऋतूत येतो. 1992 साली तो असाच मार्चमध्ये, कैऱ्यांच्या दिवसांत आला होता. मी पाच वर्षांची होते. आम्ही सहा भावंडं. थोरली आपा सातवीत. सहेरीची भांडी, इफ्तारची भजी, ईदच्या शेवया, धाकट्यांची आंघोळ, सगळं तिच्यावर. ईदनंतर ती शाळेत गेलीच नाही. तिला कुणी काढलं नाही. घराला तिची सवय झाली.

2025 साली रमजान पुन्हा मार्चमध्ये आला. माझ्या चार मुलांपैकी थोरली दहावीला. पेपर 17 मार्चपर्यंत. मी सांगून टाकलं, तोवर ती स्वयंपाकघरात येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे यायला नको?"

"येईल अम्मी, पेपर झाल्यावर."

दोन्ही मुलांनी भांडी वाटून घेतली. यांनी कांदे चिरले. भजी जाडच झाली. फजरनंतर घर झोपे, ती वाचत बसे.

30 मार्चला पाडवा, 31 ला ईद. शेजारून श्रीखंड आलं, आमचा शीरखुर्मा गेला. आपाही आली. ईदी देण्याआधी तिनं भाचीला जवळ बसवून एकेक पेपर कसा गेला ते विचारलं.