यंत्राची जन्मपत्रिका

माणसाचें वय विचारणें शिष्टाचारास धरून नाहीं, असें म्हणतात. यंत्राचें वय विचारण्याचें तर कोणाच्या मनांतच येत नाहीं. देवघरांतील समई पणजीच्या वेळची, माजघरांतील पितळी पिंप आजोबांनीं आणलेलें, हें आपण अभिमानानें सांगतों. पण भिंतीवर घुमणाऱ्या वातानुकूलन यंत्राविषयीं, म्हणजे घरांत सारे ज्यास 'एसी' म्हणतात त्याविषयीं, 'झालीं असतील आठदहा वर्षें' याहून निश्चित उत्तर मिळत नाहीं. यंत्र चालतें आहे तोंवर ह्या अज्ञानानें कांहीं अडत नाहीं. तें बंद पडलें, म्हणजे सारा व्यवहार वयावर येऊन ठेपतो.

आमच्या नागपूरच्या घरीं २०२५ च्या वैशाखांत असेंच झालें. आईस एकोणनव्वदावें वर्ष. कूलरच्या दमट हवेनें तिला धाप लागते, म्हणून तिच्या खोलींत हें यंत्र. तेंच नेमकें थंड हवा देईना. कारागीर आला, त्यानें बाहेरचा पेटारा उघडून पाहिला आणि निर्णय दिला कीं, कंप्रेसर गेला, यंत्र बारापंधरा वर्षांचें आहे, त्यावर पैसा घालूं नये, नवें घ्यावें. नवें म्हणजे सुमारें चाळीस हजार रुपये. पेटाऱ्यावरील अर्धवट फाटलेल्या चिकटपट्टीवर मात्र कंप्रेसरची दहा वर्षांची हमी अजून वाचतां येत होती. बिल सांपडेना. धाकटा बंधु म्हणाला, मुलाच्या मुंजीच्या वर्षीं घेतलें, म्हणजे २०१२. भावजयीच्या मतें त्याच्याही आधीं. आई अंथरुणावरून म्हणाली, "अरे, नोटा बंद झाल्या ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यांत आणलें. नव्या दोन हजारांच्या नोटा मींच मोजून दिल्या." नोटबंदी नोव्हेंबर २०१६ मधली. म्हणजे यंत्र आठ वर्षांचें. मला आईचें म्हणणें पटलें. परंतु कंपनीस पटवावयाचें होतें.

न्यायशास्त्रांत प्रमाणें चार सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आईचें बोलणें हें शब्दप्रमाण. त्यास इतरांचा आधार शोधावयास मी लागलों.

प्रत्यक्ष प्रमाण यंत्राच्या अंगावरच असतें. आंतल्या भागाच्या कडेस किंवा खालच्या बाजूस, आणि बाहेरच्या पेटाऱ्याच्या बाजूस वा पाठीस, एक पाटी चिकटविलेली असते. तीवर नमुन्याचें नांव, विजेचें माप, गॅसचा प्रकार, अनुक्रमांक आणि पुष्कळदा निर्मितीचा महिना व वर्षही असतें. धुळीनें अक्षरें बुजलीं असल्यास ओल्या फडक्यानें हलकेच पुसावें व मोबाइलवर छायाचित्र काढून मोठें करून वाचावें. दोन्ही भागांच्या पाट्या पाहाव्या. कारण मध्यंतरीं एक भाग बदलला असल्यास दोघांचीं वयें निराळीं निघतात.

कित्येक यंत्रांवर तारीख उघड नसते, ती अनुक्रमांकांत दडलेली असते. माझा पुतण्या अमेरिकेंत असतो. तेथें जुनें घर घेतांना त्यानें मागील अंगणांतील यंत्राचें वय असेंच काढलें. ज्या विलिस कॅरियर यानें १९०२ मध्यें ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीं हवेंतील आर्द्रता आटोक्यांत ठेवण्याची योजना आंखली, त्याच्याच नांवाच्या कंपनीचें तें यंत्र. तिच्या अलीकडील कित्येक यंत्रांवर अनुक्रमांकाचे पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. आरंभीं १९०५ असल्यास तें १९०५ सालचें नव्हे, तर २००५ च्या एकोणिसाव्या आठवड्यांतलें समजावें! दुसऱ्या कंपन्या महिन्यासाठीं अक्षर योजतात. आपल्यास ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. कटपयादि पद्धतींत 'ज' म्हणजे आठ व 'य' म्हणजे एक. उलट क्रमानें वाचल्यास 'जय' शब्दाचे अठरा होतात. किल्ली ठाऊक असली, म्हणजे अक्षर बोलूं लागतें. मात्र प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी. ती त्या कंपनीसच विचारावी.

पाटी पार पुसली गेली असेल, तर अनुमान करावें. आपल्या देशांत विजेच्या बचतीच्या ताऱ्यांचें लेबल २००६ मध्यें सुरू झालें आणि अशा यंत्रांस २०१० पासून सक्तीचें झालें. जानेवारी २०१८ पासून लेबलावर 'आय. एस. ई. ई. आर.' हें नवें माप आवश्यक झालें, केवळ 'ई. ई. आर.' असलेलें लेबल बहुधा त्यापूर्वींचें. गॅसही साक्ष देतो. 'आर-२२' हा ओझोनच्या थरास अपायकारक. १९८७ च्या माँट्रियल करारास अनुसरून १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे तो घालून नवीं यंत्रें बनविणें बंद झालें. 'आर-३२' असल्यास यंत्र त्या मानानें अलीकडचें. परंतु अनुमानानें काळाचा पट्टा मिळतो, तिथि मिळत नाहीं.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. यंत्र हें द्विज आहे. त्याचा पहिला जन्म कारखान्यांत, दुसरा भिंतीवर चढण्याच्या दिवशीं. मध्यें गोदामांत वर्षही निघून जातें. पहिली तारीख पाटीवर, दुसरी बिलावर. हमी साधारणतः दुसरीपासून मोजतात. बिल नसल्यास पुष्कळदां पहिली धरतात. नवें घेतांनाही वेष्टनावरील निर्मितीचा महिना वाचून घ्यावा. तो छापणें २०११ च्या नियमांप्रमाणें बंधनकारक आहे.

आमच्या नातीनें गच्चीवर जाऊन पाटीचें छायाचित्र आणलें. त्यावर स्पष्ट होतें : जानेवारी २०१७. कंपनीनें तें मान्य केलें. कंप्रेसर विनामूल्य मिळाला, गॅस व मजुरी मात्र आम्हांस भरावी लागली. यंत्र म्हातारें नव्हतें, त्याचा एक अवयव निकामी झाला होता. ह्या दोहोंतील अंतर माणसांच्या बाबतींतही आपण नेहमीं ओळखतोंच असें नाहीं. आईस पाटी वाचून दाखविली, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "बघ, पाटीनें माझेंच म्हणणें लिहून ठेवलेलें दिसतें."

जुन्या घरांतून एक वही असे. तींत जन्म, मुंजी, लग्नें आणि श्राद्धतिथि लिहिलेल्या असत. आमच्या वहींत आतां एक पान वाढलें आहे. त्यावर घरांतील प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, निर्मितीचा महिना, खरेदीचा दिवस आणि दुरुस्त्या लिहिल्या आहेत. आईची स्मरणशक्ति प्रत्येक घरास लाभतेच असें नाहीं; वही मात्र कोणासही ठेवतां येते.