केए-२२ ची एमएच-०९

कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर एकशे दहा किलोमीटरचे. मोटारीने दोन तास. निपाणीला चहासाठी थांबलात तर अडीच. पण बेळगावच्या मोटारीला कोल्हापूरची मोटार व्हावयाचे असेल, तर याच अंतराला किती वेळ लागतो हे कोणत्याही वेळापत्रकात दिलेले नाही. माझ्या अनुभवाने सांगतो : तीन महिने आणि एकोणीस दिवस. लोक काश्मीरची प्रवासवर्णने लिहितात, युरोपची लिहितात. या प्रवासाचे वर्णन कुणी लिहिलेले निदान माझ्या पाहण्यात तरी नाही.

रस्ता तुमच्या ओळखीचाच असेल. पूर्वी याला चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. आता तो अठ्ठेचाळीस नंबरचा झाला आहे. जुनी माणसे अजून 'पुणे-बंगलोर रोड' म्हणतात, आणि तेच नाव खरे वाटते. कोल्हापूर सोडले की गोकुळ शिरगावचे कारखाने, मग कागल, आणि कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल. नदी काही फार मोठी नाही. पावसाळा सोडला तर अंगात आल्यासारखी कधी वागत नाही. परंतु तिच्या अलीकडे महाराष्ट्र आहे आणि पलीकडे कर्नाटक. दोन्ही काठांना ऊस तोच, म्हशी त्याच आणि उसाच्या ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणीही तीच. बदलतात त्या पाट्या. दुकानांवरची अक्षरे गोल होतात आणि मोटारींवरची 'एमएच' जाऊन 'केए' येते. कोगनोळीचा नाका ओलांडला की पेट्रोलपंपांवर कोल्हापूरच्या गाड्या ओळीने उभ्या दिसतात. मी गेलो तेव्हा पलीकडचे पेट्रोल थोडे स्वस्त होते, आणि काटकसर कुठल्याही सीमेला जुमानत नाही.

पुढे निपाणी. तंबाखूचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. याच गावाशेजारी १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हा हमरस्ता अडवून धरला होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शेतकरी मेले. आता तिथून ताशी ऐंशीच्या वेगाने माणूस निघून जातो. मग तवंदीचा घाट, संकेश्वर, यमकनमर्डी, आणि शेवटी कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती. काकती आले की बेळगाव आलेच.

बेळगावात टिळकवाडीला माझे मामा राहतात. चाळीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर. मामी धारवाडकडच्या, माहेरची भाषा कन्नड. त्यामुळे त्या घरात भांडण मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये मिटते, किंवा उलट. मामांनी २०१६ साली एक पांढरी वॅगन आर घेतली. ती त्यांनी स्वतः पुसली, स्वतः चालवली, दुसऱ्याच्या हाती कधी दिली नाही. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की आता रात्रीचे नको आणि दिवसाचेही नको. तेव्हा त्यांनी मला फोन केला.

"गाडी विकायची म्हणतोय. परक्याला देणार न्हाई. तू घे की."

"घेतो मामा. पैसे सांगा."

"पैशाचं मागनं बघू. पण कागद सगळे नीट करून घे. अर्धवट काम मला चालत न्हाई."

इथे वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल, की घरातल्या घरात गाडी द्यायची तर कागदांची एवढी घाई कशाला? आपल्याकडे दुसऱ्या राज्याच्या नंबरावर वर्षानुवर्षे गाडी फिरवणारे बहाद्दर थोडे नाहीत. कायदा असा आहे : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी सबंध हिंदुस्थानात चालते. सीमा ओलांडली म्हणून कुणी तुम्हाला लगेच नंबर बदलायला लावू शकत नाही. पण ती गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली, तर तिला तिथला नंबर घ्यावा लागतो. आणि गाडीचा मालकच बदलला व तो परराज्यातला असला, तर बारा महिने थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. आधी जुन्या राज्याने 'आमची हरकत नाही' असे लिहून द्यायचे, मग नव्या राज्याने कर घेऊन तिला आपली म्हणायचे. मुलीच्या लग्नासारखेच आहे. फरक इतकाच की इथे मानपानाऐवजी फॉर्म आहेत.

फॉर्मांना नावे नाहीत, नंबर आहेत. अठ्ठावीस नंबरचा ना हरकतीसाठी. एकोणतीस आणि तीस विक्रीचे. सत्तावीस नव्या नंबरासाठी. मामा गणिताचे असल्यामुळे त्यांना ही पद्धत फार आवडली. त्यांनी वहीचे एक पान घेऊन रकाने आखले आणि प्रत्येक फॉर्मापुढे किती प्रती, कुणाची सही, कोणती जोडपत्रे हे लिहून काढले. ते पान मी अजून जपून ठेवले आहे. सबंध प्रकरणात त्याच्याइतके स्पष्ट मार्गदर्शन मला दुसऱ्या कशात मिळाले नाही.

अठ्ठावीस नंबरच्या फॉर्मावर गाडीच्या चासीवर कोरलेल्या नंबराचा पेन्सिलीने घेतलेला ठसा लावावा लागतो. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत असू, तसेच. एका रविवारी सकाळी मामा बॅटरी धरून उभे, मी गाडीत निम्मा आत आणि निम्मा बाहेर, मामी चहाचे कप घेऊन दारात. तीन ठसे फाटले. चौथा उठला तेव्हा मामांनी एकेक आकडा आरसी बुकाशी ताडून पाहिला आणि पेपर तपासल्यासारखी कोपऱ्यात बरोबरची खूण केली. ती खूण मला खोडरबराने खोडावी लागली.

गाडी चोरीची नाही असाही दाखला लागतो. पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदींत गाडीचा नंबर पाहून तो देतात, आणि तो घरबसल्या मिळतो. मामांना मात्र तो अपमान वाटला. "चाळीस वर्षं या गावात शिकवलं, आता मी चोर न्हाई म्हणून दिल्लीचा दाखला?" मी म्हटले, "तुमचा नव्हे मामा, गाडीचा." ते म्हणाले, "गाडी काय एकटीच चोरी करते?"

खरे घोडे अडले ते बँकेपाशी. गाडीवर कर्ज होते. ते मामांनी मुदतीच्या आधीच फेडले होते, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिला होता. तो उतरवल्याशिवाय ना हरकत दाखला मिळत नाही. त्याला पस्तीस नंबरचा फॉर्म, आणि त्यावर बँकेची सही. आम्ही बँकेत गेलो, तर बँकच जाग्यावर नव्हती. मधल्या काळात तिचे दुसऱ्या मोठ्या बँकेशी लग्न लागून ती सासरी गेली होती. नाव बदलले, फलक बदलला आणि शाखाही दुसऱ्या शाखेत मिसळली. तिथल्या अधिकाऱ्याने संगणकात पाहून सांगितले, की असे कर्ज आमच्याकडे कधी नव्हतेच. मामा म्हणाले, "नव्हतं तर मी फेडलं काय?" शेवटी मामींनी पत्र्याच्या ट्रंकेतून जुने पासबुक काढले. त्यात शेवटचा हप्ता शिक्क्यानिशी होता. तरीही पाच आठवडे गेले. घरातली जुनी पासबुके रद्दीत घालू नका, एवढाच सल्ला देतो.

बोजा उतरला, दंडाच्या थकबाकीचा तपास झाला. तीही निघाली, एक, दोन वर्षांपूर्वीची, सिग्नलची. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मग अर्ज दाखल झाला. या कामी मामांचा एक जुना विद्यार्थी धावून आला. मातृभाषा कन्नड, धंद्याने एजंट. 'सर, तुमच्याकडून पैसे घेणार नाही,' म्हणाला आणि खरोखरच घेतले नाहीत. खिडकीशी गेलो की तो आम्हाला बाकावर बसवायचा, 'स्वल्प तडीरी' म्हणायचा आणि आत जाऊन यायचा. ही 'थोडे थांबा' एवढी कन्नड मला आता स्वप्नातही कळते. कायद्यात मोठी गमतीची तरतूद आहे : ना हरकतीच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर होकार समजावा. मुलगी पाहून गेलेल्या मंडळींना हे कलम लागू असते तर केवढे बरे झाले असते! आमच्यावर त्या कलमाची वेळ आली नाही. तीस दिवसांच्या आतच एका दुपारी विद्यार्थ्याचा फोन आला, "आत्री, सर." झाले.

दाखला मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसून, कागद नाकाशी नेऊन तो सबंध वाचला. या गाडीस महाराष्ट्र राज्यात, कोल्हापूर येथे नेण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा मजकूर. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे न बोलणे कळायला थोडे मागे जावे लागेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा मामा नऊ वर्षांचे होते. बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसुरात घातले. त्याच दिवशी बेळगाव जिल्ह्यातलाच चंदगड तालुका मात्र मुंबई राज्याकडे राहिला, आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. मामांची थोरली बहीण चंदगडला दिलेली. मामा सांगतात, "रात्री मुंबई राज्यात झोपलो, सकाळी म्हैसुरात उठलो. अंथरूण तेच." पुढे महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटले, बेळगाव म्हैसुरातच ठेवावे म्हटले, महाराष्ट्राने ते मानले नाही आणि निपाणीही आहे तिथेच राहिली. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात मामा आठ दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात होते. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याच्या तारखा मामा वहीत लिहून ठेवतात. या काळात म्हैसूरचे कर्नाटक झाले, बेळगावचे बेळगावी झाले.

आणि नंबराच्या पाटीवरची ती दोन अक्षरे म्हणजे नुसता कर नव्हे, हे मामांना कुणी शिकवायला नको होते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या नाक्यावर एमएच नंबराच्या ट्रकांवर दगड पडले, आणि पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. ट्रक चालवणारा कुठला, त्याची भाषा कोणती, हे दगडाने विचारले नाही. त्या आठवड्यात मामांनी गाडी घराबाहेर काढली नव्हती. म्हणाले, "मी इथला आहे, गाडीही इथली आहे. पण दुसऱ्याची गाडी फुटताना आपली बाहेर काढणं शोभत न्हाई."

दाखल्याची घडी घालून त्यांनी तो माझ्याकडे दिला. "गाडीला बरं लवकर मिळालं," एवढेच म्हणाले. मामी आतून कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. मामा हसले. काय ते मला कुणी सांगितले नाही.

कोल्हापूरचा भाग त्या मानाने सरळ झाला. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोलच्या गाडीला किमतीच्या अकरा टक्के एकरकमी कर आहे. गाडी जुनी असेल तर वयाप्रमाणे तो उतरतो. माझ्या गाडीचे वय पाहून आकडा निघाला तो भरला. कर्नाटकात मामांनी भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो, पण नवे आरसी दाखवल्यावर. म्हणजे आधी इकडे भरा, मग तिकडे मागा. बदलीच्या नोकरीतल्या मंडळींची ही तारांबळ पाहून २०२१ मध्ये सरकारने 'बीएच' म्हणजे भारत मालिका काढली. तिचा कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी नंबर तोच. पण ती सरकारी नोकरांना, सैनिकांना आणि चार राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतल्या लोकांना. मामा-भाच्यांसाठी अजून मालिका निघालेली नाही.

निरीक्षकाने गाडी पाहिली, चासीचा नंबर ताडला, दिवे लावून बघितले. "मालकांनी ठेवलीय चांगली," म्हणाला. हे मी त्याच संध्याकाळी फोनवर मामांना सांगितले. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. काही दिवसांनी नवे आरसी आले, नवी पाटी बसली, विमा बदलला. नाक्यावरच्या फास्टॅगलाही नवा नंबर कळवावा लागतो, हे लक्षात ठेवा.

पहिल्याच रविवारी बेळगावला गेलो. मामांनी पाटीजवळ वाकून नंबर वाचला, आकड्यांची बेरीज केली, "सतरा," म्हणाले, आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. "चल, शिनोळीपर्यंत जाऊन येऊ."

शिनोळी चंदगड तालुक्यात. टिळकवाडीहून जेमतेम पंधरा किलोमीटर, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर. हिंडलगा आले तेव्हा मामांनी तुरुंगाच्या बाजूला मान वळवली आणि पुन्हा समोर पाहू लागले. सुळगा, तुरमुरी, बाची. दोन्ही बाजूंना भात पिवळे पडत चाललेले. सीमा कुठे ओलांडली ते मला कळले नाही. मामांना कळले असावे, कारण त्यांनी काच खाली केली.

शिनोळीत रस्त्याकडेच्या हॉटेलापुढे गाडी लावली. चहावाल्याने नंबर पाहून विचारले, "पाव्हणं कोल्हापूरचं काय?"

"गाडी कोल्हापूरची," मामा म्हणाले. "मी टिळकवाडीचा. साखर जरा कमी घाल."